थांबण्याचे बीजगणित

लग्नघरात क्रम सर्वांनाच पाठ असतो. आधी अंतरपाट, मग मंगलाष्टके, मग अक्षता, मग माळा. पण नुसता क्रम बरोबर असून भागत नाही. मुहूर्तही साधावा लागतो. पूर्वी त्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडीत. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी चोवीस मिनिटांत भरून बुडे, आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेला जोशी घटका मोजी. मंगलाष्टके आटोपत आली आणि घटका अजून भरायची असली, तर भटजी शांतपणे आणखी एक कडवे लावीत. त्या कडव्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष नसे, आणि असावे अशी अपेक्षाही नसे. वेळ जावा एवढेच त्याचे काम. थांबणे हीसुद्धा तेथे एक क्रिया होती, आणि ती कोणीतरी करावी लागे.

ज्या विषयाची मी उभा जन्म मास्तरकी केली, त्याला ही गोष्ट कळायला बरीच वर्षे लागली. त्या विषयाचे नाव प्रक्रिया-बीजगणित. शाळेतल्या बीजगणितात अक्षरे संख्यांच्या जागी येतात. येथे ती घडणाऱ्या गोष्टींच्या जागी येतात. ‘नाणे पडले, मग चॉकलेट आले, मग पुन्हा पहिल्यापासून’ अशा एका साध्या यंत्रापासून टोनी होअर यांनी 1985 सालच्या आपल्या पुस्तकाची सुरुवात केली आहे. त्याआधी, 1980 मध्ये, एडिंबरोच्या रॉबिन मिल्नर यांनी असेच एक बीजगणित मांडले होते, आणि ॲम्स्टरडॅमला यान बर्गस्ट्रा व यान विलेम क्लोप यांनी 1982 मध्ये तिसरे. चिन्हे अगदी मोजकी. एक ‘यानंतर ते’ सांगणारे, एक ‘हे किंवा ते’ सांगणारे, एक ‘ही दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत’ असे सांगणारे. एवढ्या भांडवलावर टेलिफोनपासून संगणकापर्यंत वाटेल त्या यंत्राची वागणूक कागदावर उतरवावी, आणि समीकरण सोडवावे तसे ते यंत्र अडून तर बसणार नाही ना, हे आधीच ताडून पाहावे. मला या विषयाची मोहिनी पडली ती या काटकसरीमुळे.

पण या घरात घड्याळ नव्हते. आधी काय आणि नंतर काय एवढेच तेथे कळे. किती वेळाने, ते कळत नसे. हा विसर नव्हता. घटना नेमक्या कधी घडतात इकडे मुद्दामच दुर्लक्ष करावे, असे होअर सांगतात. म्हणजे विचार सोपा होतो, आणि एकदा केलेली सिद्धता मंद यंत्राला लागू पडते तशी वेगवान यंत्रालाही पडते. हे एक व्रतच म्हणायचे, आणि चांगले व्रत.

मात्र रेल्वेच्या फाटकापाशी ते मोडते. गाडीची वर्दी आली, फाटक पडू लागले, गाडी गेली. क्रम निर्दोष आहे. पण फाटक पुरते पडायला एक मिनिट लागत असेल आणि गाडी पाऊण मिनिटातच येत असेल, तर त्या निर्दोष क्रमाचा बैलगाडीवाल्याला काय उपयोग? काही कामे अशी असतात की तेथे उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर असते.

म्हणून 1986 मध्ये ऑक्सफर्डच्या जॉर्ज रीड आणि बिल रॉस्को यांनी होअर यांच्या बीजगणितात वेळ घातली. 1990 च्या आगेमागे एडिंबरोला मोलर व टॉफ्ट्स, स्वीडनमध्ये वांग यी, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला निकोलँ व सिफाकिस अशा कित्येकांनी आपापल्या परीने तेच केले. वाचकांना वाटेल, त्यात काय मोठेसे? घड्याळासाठी एक अक्षर वाढवले की झाले! पण वेळेला घरात घ्यायचे, तर ती कशी वागते हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी त्यांनी जे करार केले, ते मला एखाद्या जुन्या पोथीतल्या वचनांसारखे वाटत आले आहेत.

पहिला करार असा, की वेळ सर्वांची एकदमच जाते. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकाचा एक सेकंद गेला, तर दुसऱ्याचाही गेलाच पाहिजे. एकाने जरी वेळ जाऊ देण्यास नकार दिला, तरी साऱ्या जगाचे घड्याळ बंद पडते. कागदावर असे होऊ शकते. आणि झाले, की आपण अशक्य यंत्र लिहून बसलो आहोत असे समजावे. दुसरा करार पुष्कळांनी मानला, सर्वांनी नाही. दोघे हात मिळवायला तयार उभे असतील, तर वेळ फुकट दवडायची नाही; आधी हात मिळवायचे, मग पुढचा क्षण. तिसरा करार माझ्या सर्वांत आवडीचा. नुसती वेळ गेल्याने निवड होत नाही. ‘हे किंवा ते’ असे दोन पर्याय समोर असताना वेळ गेली, तर ती दोन्हींवरून सारखीच जाते. दोन्हींपैकी एकाची मुदत संपली, तर ते दार मिटते, एवढेच. काळ दारे मिटतो. दार निवडत नाही.

हे सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत होतो. त्यातला जीव मला माझ्या थोरल्या बहिणीमुळे कळला. अक्का वाईला एकटी राहते. तिला भोवळ येऊ लागली. एकदा ती चुलीपाशी कोसळली, एकदा तुळशीपाशी. चोवीस तासांचा आलेख काढला, तेव्हा एरवी नीट चालणाऱ्या रेषेत एके ठिकाणी चार सेकंदांची कोरी जागा निघाली. हृदय तेवढा वेळ आपले काम विसरले होते. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवा. घरात सल्ले सुरू झाले. एवढ्या वयात कशाला, उन्हाळा जाऊ द्या, आणि शेवटी आपले ठेवणीतले वाक्य, काळच काय ते ठरवील. मी म्हणालो, “अक्का, काळ काही ठरवीत नसतो. ठरवायचे तर तूच ठरव.” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, पण ते सारखे आतून धक्के देत बसणार का?”

पहिले पेसमेकर तसेच होते. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग या शल्यविशारदाने रूने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने बनवलेले यंत्र आर्ने लार्सन या रोग्याच्या शरीरात बसवले. ते काही तासांतच बंद पडले, दुसरे बसवावे लागले. पण लार्सन पुढे सव्वीस यंत्रे वापरून, सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही मागे राहून, 2001 मध्ये शहाऐंशीव्या वर्षी वारले. त्या काळची यंत्रे ठराविक वेगाने ठोका देत राहत; हृदय स्वतः चालते आहे की नाही याची त्यांना खबर नसे. नको त्या क्षणी पडलेला ठोका घातकही ठरू शकतो. पुढच्या दहा वर्षांत ऐकणारी यंत्रे आली. त्यांतल्या सर्वांत साध्या यंत्राची वागणूक आमच्या बीजगणितात एका ओळीत मावते: ठोका ऐकू आला तर गप्प राहा आणि पहिल्यापासून मोजायला लाग, एक सेकंदात आला नाही तर तू दे, आणि पहिल्यापासून मोजायला लाग. आणखी एक बारकावा आहे. प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर कान बंद ठेवायचे, नाहीतर त्याच ठोक्याचा पडसाद दुसरा ठोका म्हणून मोजला जाईल. 2007 साली बोस्टन सायंटिफिक या कंपनीने आपल्या एका जुन्या पेसमेकरच्या अपेक्षित वागणुकीचा कागद अभ्यासकांसाठी खुला केला. तो वाचताना माझ्या ध्यानात आले, की त्यात जागोजागी आकडे आहेत ते थांबण्याचेच. किती थांबावे, कुठवर थांबावे, कधी मुळीच थांबू नये.

मी अक्काला सांगितले, “ते धक्के देत नाही. ते वाट पाहते. तुझे हृदय बोलले, की ते गप्प.”

ती यावर जे म्हणाली, त्याला आमच्या पुस्तकांत उत्तर सापडेल असे मला वाटले नव्हते. “मग माझे काळीज चालवणार कोण? मी, का ते?”

पण उत्तर होते. दोघे शेजारी शेजारी चालतात. वेळ दोघांची एकच जाते. पहिला मान तुझा आहे. तो सेकंद सरेपर्यंत यंत्राला बोलायची मुभाच नाही. तुझी जागा ते घेत नाही, तुझी जागा रिकामी राहू देत नाही एवढेच. हे मी तिला चिन्हांवाचून सांगितले आणि तिला ते कळले, बी.ई.च्या मुलांना कळायला दोन तास लागत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपण होऊन डॉक्टरांना होकार कळवला.

आता ती ठरल्या वेळी तपासणीला जाते. यंत्र स्वतःची वही ठेवते. किती ठोके हृदयाचे, किती आपले, ते सांगते. गेल्या खेपेला शंभरात एकोणीस यंत्राचे निघाले. मी जरा गंभीर झालो. अक्काने घरी पोचल्या पोचल्या शेजारणीला हाक मारली आणि कुंपणावरून, मुलाच्या परीक्षेचे गुण सांगावेत तसे सांगितले, “अगं, एक्क्याऐंशी माझे आहेत!”