लेकरं कडेला राहतात



आज मी तुम्हाला पिकाविषयी सांगणार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. ती ऐकून तुमच्यापैकी एखाद्याचे चार पैसे वाचले, तरी सांगण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि नोकरीचा बराचसा काळ धारणीत गेला. विस्तार अधिकारी म्हणून पायी, सायकलने आणि पुढे मोटारसायकलने मेळघाटातली गावे फिरलो. धारणीचे नाव तुम्ही बहुधा कुपोषणाच्या बातम्यांत ऐकले असेल. त्यामुळे २००९ साली जवळच्या एका गावातला बायांचा बचतगट गावतळ्यात मासे सोडायचे म्हणतो, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. मासे विकून पैसा येईल आणि दोन घास घरच्या लेकरांच्या ताटातही पडतील, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

मी कापूस-सोयाबीनचा माणूस. माशांचे ज्ञान पुस्तकातले. पण बाया ‘साहेब, तुम्हीच सांगा’ म्हणाल्या आणि ‘मला येत नाही’ म्हणायला माझी जीभ रेटेना. शेतात तण काढतो तसे तळ्याच्या काठचे लव्हाळे आणि पाणगवत मी सारे उपटून काढायला लावले. तळे आरशासारखे लख्ख झाले. मोठ्या बोटुकलीपेक्षा इंचभराचे बीज स्वस्त पडते, म्हणून तेच आणले आणि भर दुपारी पिशव्या फोडून तळ्यात ओतले. टाळ्या वाजल्या, नारळ फुटला.

पुढच्या उन्हाळ्यात जाळे ओढले. कटला, रोहू हातावर मोजण्याइतके. चिलापी मात्र भरपूर, तीही बोटाएवढी. आणि मरळ काय पोसलेले! गटातल्या बाया मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी जाळे गोळा केले आणि मुकाट्याने घरी गेल्या. त्या न बोलण्याचे मला आजही वाईट वाटते. मजुरीतून जमवलेला तो पैसा होता.

काठावर एक कोरकू आजोबा बसले होते. सिपना-गडगाच्या डोहांवर त्यांचा जन्म गेलेला. ते आपल्या हिंदी-मराठी मिसळलेल्या बोलीत म्हणाले, “साहेब, लेकरं कडेला राहतात. तुम्ही कडच ठेवली नाही.”

त्या वाक्याचा अर्थ मला नीट उमगला तो दोन वर्षांनी, समुद्रकाठी. एका नातलगाच्या लग्नाला रेवदंड्याला गेलो होतो. तिथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी खाडीत तिवराची झाडे उभी होती आणि त्यांची मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली होती. भरती लागली, पाणी खुंट्यांमध्ये शिरले आणि पाण्याबरोबर चिमुकल्या माशांचे थवेच्या थवे आत आले. बोईटाची पिले, कोळंबीची पिले. बरोबरच्या कोळी गृहस्थांनी सांगितले, “मोठ्या माशाला या खुंट्यांत वळता येत नाही. म्हणून बारकी मासळी इथे वाढते आणि मोठी झाली की बाहेर जाते.” पाणी गढूळ असते, त्यामुळे शत्रूला दुरून दिसत नाही, हा आणखी एक फायदा.

जिताड्याची पिलेही अशीच खाडीत वाढायला येतात. पण त्यांची तऱ्हा निराळी. जिताड्याचे पिलू आपल्या अर्ध्या लांबीच्या भावंडालाही गिळते! म्हणून तळ्यात जिताडा वाढवणारे पुन्हा पुन्हा पिले निवडतात आणि लहान-मोठी वेगळी ठेवतात. म्हणजे पिलाला भीती केवळ परक्याचीच असते असे नाही.

मंडळी, तुमच्या अंगणातली कोंबडी आठवा. घारीची सावली पडली की पिले तुरीच्या ओळीत शिरतात. खळ्यात दाणे जास्त आहेत हे त्यांना ठाऊक असते, पण तिथे आडोसा नाही. माशाच्या पिलापुढेही हाच पेच असतो. उघड्या पाण्यात खाद्य पुष्कळ, पण जीव धोक्यात. कडेच्या गवतात जीव सुरक्षित, पण तिथे सगळ्यांचीच गर्दी आणि खाद्य तोकडे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शास्त्रज्ञांनी याची परीक्षाच घेतली. १९८३ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांनी एका तळ्याचे दोन भाग केले. दोन्हींत एकाच जातीचे लहान-मोठे मासे सोडले आणि एकाच भागात शिकारी मासे ठेवले. शिकारी होते त्या भागातली लहान पिले गवतातच राहिली. खाद्य कमी मिळाले म्हणून त्यांची वाढ खुंटली, पण ती गवत सोडेनात. ज्यांना शिकारी गिळू शकत नव्हते असे मोठे मासे मात्र खुशाल उघड्यावर चरत होते. लहानांची गर्दी तिथे नसल्यामुळे ते उलट अधिक वाढले.

आता माझी चूक तुमच्या ध्यानात आली असेल. मी इंचभराची पिले मरळाच्या घरात सोडली आणि लपायची जागा आधीच उपटून टाकली. उरलेल्यांच्या तोंडचा घास चिलापीने पळवला. चिलापी वर्षातून अनेकदा पिले घालते, तिच्या गर्दीपुढे दुसऱ्याचे पोट भरत नाही. मरळाला दोष देण्यातही अर्थ नाही. तो तर आपल्या पिलांची राखण करणारा बाप आहे. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला की खाली आईबाप असतातच.

आपण तळ्यात एकत्र सोडतो ते कटला, रोहू, मृगळ हे तिघे मात्र एकमेकांना फारसे अडवत नाहीत. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एका घरात तीन सुना आणि तिघींच्या चुली वेगळ्या! हे मासे साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकाचे टोचण देऊन अशा माशांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवले, म्हणून तर आज बीज विकत मिळते.

मी पुन्हा त्या गटाकडे गेलो. चूक माझी होती, हे सगळ्यांसमोर सांगितले. थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “बरं मग, आता काय करायचं ते सांगा.” या वेळी मत्स्यव्यवसायाच्या जाणकारांना विचारले आणि आजोबांनाही बरोबर घेतले.

तळ्याशेजारी बीज वाढवण्यासाठी लहान खड्डा केला. त्यातले गवत आणि नको ते मासे पूर्ण काढले. त्यासाठी मोहाची पेंड वापरली. एक मीटर खोल पाण्याला एकरी सुमारे हजार किलो असे तिचे प्रमाण आहे. तिचा विषार दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि पुढे तीच खत होते. (ही पेंड नदीत किंवा जनावरे पितात त्या पाण्यात कधीही टाकू नका.) खड्ड्यात पिले चार बोटे लांब झाल्यावर मोठ्या तळ्यात सोडली. त्याआधी तिथले मरळ जाळ्याने काढून विकले. एका बाजूला घोटाभर पाण्यात विरळ गवत राखले. गवत दाट झाले तर मरळच त्यात दबा धरून बसतो, म्हणून विरळ. सोडताना सकाळची थंड वेळ धरली आणि पिशव्या पाव तास तळ्यात तरंगत ठेवून आतले-बाहेरचे पाणी सारखे होऊ दिले.

त्या उन्हाळ्यात जाळे जड लागले. पहिली पाटी विकायला न नेता बायांनी घरोघर वाटली. आजोबांचा वाटा मी स्वतः पोचवला. त्यांनी मासा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “आता झाला.”

बंधू-भगिनींनो, यंदा बीज सोडण्याआधी आपल्या तळ्याच्या काठाने एक फेरी मारा. पाण्यात आधीपासून कोण राहते ते पाहा आणि आपले पिलू त्याच्या तोंडात मावते का ते ताडा. आणि गावातल्या ज्या म्हाताऱ्याचा जन्म पाण्यापाशी गेला असेल, त्याला बीज आणण्याच्या आधी विचारा. मी नंतर विचारले, म्हणून हे लिहावे लागले.