मुरमाची वाट

दौंड-शिरूरच्या खेड्यांत बैठकांना आम्ही सायकलनेच जातो. हल्ली रविवारी पुण्याची मंडळीही जाड टायरच्या सायकली घेऊन येतात. या वाटांना ते ‘ग्रॅव्हल’ म्हणतात म्हणे! आमच्या लेखी ती मुरमाची वाट.

वाळकीला मुळा-मुठा भीमेला मिळते. पलीकडे रांजणगाव सांडस. मुलूख सपाट, चढ नाही. पण समोरचा वारा चढापेक्षा वाईट. दौंडमधून जाणाऱ्या खडकवासला कालव्याकडेचा मुरूम उन्हाळ्यात झकास. काळ्या रानात मात्र एक सर पडली की मडगार्डात चिखल बसतो, चाक फिरत नाही. मग सायकलच आमच्या खांद्यावर! सराट्याचे काटे निराळेच.

खरी धास्ती उसाची. २०२५ साली शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लेकरे गेली. हौशी मंडळी ऊन चढायच्या आत परततात. पण कारखान्यातली दुसरी पाळी सुटल्यावर आमच्या कामगार बांधवांना याच उसातून घर गाठावे लागते. तिघे-चौघे जमून, घंटी वाजवत, मोठ्याने बोलत ते येतात.

वस्तीपर्यंत दिवे लावा, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. येत्या रविवारी सह्या घ्यायच्या आहेत.