वाटणीची हवा

आमच्या घरात घोरणं हा थट्टेचा विषय होता. वडील घोरायला लागले की आम्ही भावंडं तोंड दाबून हसायचो. आई मात्र म्हणायची, "दमलेत, लागू दे गाढ झोप." मधेच घोरणं थांबे, काही वेळ काहीच ऐकू येत नसे, मग जोरात श्वास ओढून ते पुन्हा सुरू होई. त्या मधल्या शांततेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट दहा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ बंद होते, हे मला कळलं ते माझ्याच तपासणीच्या रिपोर्टवरून. तोवर वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

घोरणं वडिलोपार्जित, सीपॅप मशीन मात्र घरात माझ्यापासून आलं. झोपेत असा श्वास अडणाऱ्या गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडण्यावाचून पूर्वी फारसा इलाज नव्हता. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा रात्रभर उघडा ठेवता येतो हे दाखवलं. १९८१ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेच हे सीपॅप. घरी या मशीनची सवय चटकन लागली. अंधारात कोण बघतंय?

विमानात मात्र सगळेच बघतात. मुलगी न्यू जर्सीला स्थायिक झाली आणि मुंबई–न्यूयॉर्कचा पंधरा-सोळा तासांचा प्रवास मागे लागला. सुरुवातीला मशीन डोक्यावरच्या कप्प्यात आणि मी खाली टक्क जागा. घोरलो तर शेजाऱ्यांना त्रास, मास्क लावला तर तमाशा. त्यापेक्षा सिनेमे बघितलेले बरे. डॉक्टरांनी समजावलं, की विमानातल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ हवा. तिथे श्वास अडला तर तो घरच्यापेक्षा महागात पडतो.

मग तयारी अंगवळणी पडली. विमान कंपनीला आधी कळवायचं, डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवायचं. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरची टाकी कोरडी करायची, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरतं. वर तो बॅटरीही खातो, म्हणून विमानात बंदच. कोरड्या हवेने नाक सुकतं, ते सोसायचं. सीटजवळच्या प्लगवर भरवसा नाही, तेव्हा बॅटरी हवीच. लिथियमची सुटी बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही. त्यापुढे १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते.

एकदा पलीकडच्या बाईंनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, "काकांना ऑक्सिजन लावलाय का?" कोविडनंतर नळी आणि मास्क दिसला की माणसं धसकतात. बायको म्हणाली, "नाही हो, आपलीच हवा आहे." खरंच होतं ते. यात सिलिंडर नसतो. मशीन केबिनमधलीच हवा घेतं, गाळतं आणि जराशी रेटतं. माझा दाब पाण्याच्या दहा सेंटिमीटर उंचीइतका. फुगा फुगवायलाही याहून जास्त जोर लागतो.

त्या उत्तराने मला विचारात पाडलं. पस्तीस हजार फुटांवर बाहेरच्या हवेत कुणाचाच निभाव लागणार नाही. ती विरळ हवा दाबून आत भरली जाते, म्हणून बाळापासून वैमानिकापर्यंत सगळे श्वास घेऊ शकतात. म्हणजे अख्खं विमानच यंत्राने रेटलेल्या हवेवर जगत असतं, फक्त कुणाच्या नाकावर ते दिसत नाही. माझ्या वाटणीची हवा तेवढी आणखी दहा सेंटिमीटर पुढे ढकलावी लागते. एवढ्यासाठी रात्रभर जागायचं काय कारण? आता मी दिवे मालवायची वाट बघत नाही. जेवणाचा ट्रे उचलला गेला की मास्क चढवतो आणि शेजाऱ्याला शुभरात्री म्हणतो.