सनद, इजाजत आणि खरेदीखत

‘पेपर निघाला का?’ हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांत आता ‘चहा झाला का?’ इतक्या सहज विचारला जातो. आमच्या लहानपणी पेपर दोनच होते, एक परीक्षेचा आणि एक सकाळी दारात पडणारा. हा तिसरा पेपर म्हणजे शोधनिबंध. तो छापून आला की गुण मिळतात, गुणांवर बढती मिळते, आणि काही वर्षं तर त्याच्याशिवाय पीएच.डी.चा प्रबंधही जमा करता येत नव्हता.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझं शिक्षण बी.एड.पर्यंतचं, त्यामुळे माझ्यावर पेपरची सक्ती नाही. पण दोन्ही भाषा येतात म्हणून नात्यागोत्यातली, ओळखीची मुलं निबंध तपासायला माझ्याकडे आणून देतात. शुद्धलेखन बघता बघता त्या निबंधांना जोडलेले फॉर्म, संपादकांची पत्रं, पैशांच्या पावत्या हेही वाचनात येतं. त्यातून दोन प्रश्न मनात घर करून बसले. छापण्याआधी हे लिखाण नक्की कोण तपासतं? आणि छापल्यानंतर ते कोणाचं असतं?

पहिला प्रश्न आधी घेऊ. चांगल्या संशोधन नियतकालिकाची रीत अशी असते. निबंध आला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. ते परीक्षक बहुधा अनामिक असतात आणि त्यांना या कामाचे पैसे मिळत नाहीत. पुरावा पुरेसा आहे का, पद्धत बरोबर आहे का, आधी कोणी हे सांगून ठेवलंय का, हे ते बघतात आणि अभिप्राय लिहितात. लेखक सुधारणा करतो, पुन्हा पाठवतो, कधी तिसऱ्यांदाही. यात महिने जातात. शेवटी निबंध स्वीकारला जातो किंवा साभार परत येतो.

आपल्या परंपरेत वाढलेल्याला ही कल्पना परकी वाटू नये. हदीसच्या विद्वानांनी सनद तपासण्याचं एक संपूर्ण शास्त्रच उभं केलं. ही गोष्ट अमुक रावीने कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, ते दोघे एका काळात होते का, त्यांची भेट होणं शक्य होतं का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, या सगळ्याची नोंद ठेवली गेली. रावींच्या चरित्रांना ‘अस्माउर्रिजाल’ म्हणतात आणि त्यांच्या विश्वासार्हतेच्या छाननीला ‘जर्ह व तादील’. इमाम बुखारींचा इंतकाल इ.स. 870 मधला, म्हणजे ही शिस्त अकराशे वर्षांहून जुनी. त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. माणूस कितीही नेक, परहेजगार असो, त्याची याददाश्त कच्ची असेल तर त्याची रिवायत ‘जईफ’ ठरते. म्हणजे आदर वेगळा आणि पुरावा वेगळा. फरक इतकाच की तिथे छाननी करणारा आपल्या नावानिशी मत देत असे, इथे परीक्षक पडद्याआड असतो. काही नियतकालिकं आता परीक्षकांचे अभिप्राय निबंधासोबत छापू लागली आहेत, ते मला जास्त पटतं.

आपल्याकडे मात्र छाननीपेक्षा शिक्क्याला किंमत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचं कोष्टक लावलं आणि छापील निबंधाला त्यात गुण ठेवले. 2016 च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी किमान एक निबंध परीक्षित नियतकालिकात छापणं बंधनकारक केलं. मागणी वाढली तसा पुरवठाही वाढला. नावात ‘आंतरराष्ट्रीय’, मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक, आणि पैसे भरले की दोन दिवसांत स्वीकृतीचं पत्र. खरं तर आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे. गाडीला नंबरप्लेट असली म्हणजे ब्रेक लागतात असं होत नाही, तसंच ते.

हा धंदा एकट्या भारताचा नाही. 2013 मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट निबंध 304 नियतकालिकांना पाठवला. त्यातल्या 157 जणांनी तो स्वीकारला. पण आपला वाटा मोठा होता हे नाकारून चालणार नाही. त्याचा हिशेब मांडला तो आपल्याच पुण्यातल्या संशोधकांनी. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1009 नियतकालिकं तपासली. त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक साध्या निकषांवरही टिकली नाहीत. हा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4305 नावं यादीतून काढली. 2019 मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या मदतीने ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती 2022 च्या नियमांनी त्याआधीच उठली होती. याद्या आल्या, याद्या गेल्या. वाचून पारख करण्याचं काम यादीवर सोपवता येत नाही, एवढं त्यातून शिकता आलं तरी पुष्कळ.

आता दुसरा प्रश्न. छापल्यानंतर निबंध कोणाचा?

माझी एक भाची मिरजेच्या सतारमेकर घराण्यांवर संशोधन करते. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे कसे निवडतात, किती काळ वाळवतात, घोडीवर जवारी कशी काढतात, हे सगळं तिने महिनोन्‌महिने कारागिरांच्या शेजारी बसून टिपून घेतलं. जवारी तर फक्त कानावर काढतात. किंचित घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तिचा निबंध मात्र चांगल्या ठिकाणी गेला. परीक्षकांनी दोनदा परत पाठवला आणि दोन्ही वेळा तो सुधारला. ती स्वतःच म्हणाली, “खाला, मेरे पेपर की भी जवारी निकाली उन्होंने.”

निबंध इंग्रजीत छापून आला. ज्या बुजुर्गांनी तिला सर्वांत जास्त सांगितलं होतं, त्यांच्याकडे ती तो घेऊन गेली. त्यांनी छापील पानांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अच्छा हुआ बेटा. पर इसमें क्या लिख्या, वो हमारे पोरों को कैसा समझेंगा? उर्दू में नहीं तो मराठी में तो कर दे.”

तिने नियतकालिकाला विचारलं. उत्तर आलं की भाषांतराचा हक्क आता प्रकाशकाकडे आहे, परवानगीसाठी अर्ज करा, शुल्क पडेल. निबंध स्वीकारला गेला तेव्हा तिने एका फॉर्मवर सही केली होती. त्यात सर्व हक्क, सर्व भाषांत, जगभर, कायमसाठी, असे शब्द होते. निबंधाची पीडीएफ विकत घ्यायची तर किंमत डॉलरमध्ये. म्हणजे ज्ञान मिरजेच्या कारागिराचं, मेहनत मुलीची, तपासणी परीक्षकांची फुकट, आणि कुलपाची किल्ली चौथ्याच कोणाकडे.

तो फॉर्म मी चार वेळा वाचला. मग भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 काढून वाचला. कायद्याची भाषा आपण समजतो तितकी अवघड नाही. आपल्या गावाकडच्या शब्दांत सांगायचं तर हक्क देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक खरेदीखत आणि दुसरी भाडेपट्टा. खरेदीखत केलं की सातबारावर नाव दुसऱ्याचं लागतं. भाडेपट्ट्यात मालक आपणच राहतो, वापरायची मुभा फक्त देतो. बहुतेक लेखक समजतात की आपण छापायची परवानगी दिली. प्रत्यक्षात त्यांनी खरेदीखत करून दिलेलं असतं, आणि तेही एक रुपया न घेता.

कायदा लेखकाच्या बाजूनेही बरंच बोलतो. कलम 19 म्हणतं की हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच हवं. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात नमूद हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात तो वापरला नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा तो हक्क संपुष्टात येतो. आणि कलम 57 प्रमाणे सगळे हक्क देऊन टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

पण भाचीच्या फॉर्मवर मुदत, प्रदेश, भाषा सगळं ठासून लिहिलेलं होतं. तिथे ही कलमं फारशी कामाला येण्यासारखी नव्हती. कामाला आली ती कॉपीराइटची मूळ कल्पना. कॉपीराइट शब्दांच्या मांडणीला असतो, माहितीला आणि विचाराला नसतो. भोपळा कसा वाळवतात या माहितीवर कोणत्याही प्रकाशकाची मालकी होत नाही. मग आम्ही भाषांतराचा नाद सोडला. तिच्या मूळ वह्या उघडल्या आणि नव्याने लिहायला बसलो. प्रकरणांची रचना वेगळी, वाक्यं वेगळी, आणि वाचक कोण हे पहिल्या ओळीपासून ठरलेलं. ती दखनीत सांगायची, मी उर्दूत उतरवायची, मग दोघी मिळून मराठीत करायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अठ्ठावीस पानं झाली. मुखपृष्ठाच्या आत ज्यांनी सांगितलं त्यांची नावं त्यांच्याच मर्जीने घातली, जी इंग्रजी निबंधात ‘माहितीदाता 1’, ‘माहितीदाता 2’ अशी झाली होती.

त्या कामात आणखी एक कोडं समोर आलं, ते अजून सुटलेलं नाही. कायदा ‘लेखक’ ओळखतो, ज्याने लिहिलं तो. ज्याने सांगितलं तो कायद्याच्या चौकटीत कुठेच बसत नाही. भौगोलिक मानांकन मिरजेच्या नावाचं रक्षण करतं, पण कारागिराने सांगितलेल्या गोष्टींचं काय? संशोधक म्हणून आपला हक्क मागताना हा दुसरा हिशेबही आपल्या वहीत असला पाहिजे. निदान त्यांनी सांगितलेलं त्यांना वाचता येईल अशा भाषेत परत देणं, एवढं तर आपल्या हातात आहे.

साताऱ्याकडे याचं एक चांगलं उदाहरण आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्याच्या खंडांत नोंदीखाली नोंद लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. आज तो कोश कोणालाही मोबाईलवर फुकट वाचता येतो. लिहिणाऱ्याचं नाव राहिलं आणि वाचणाऱ्याची वाटही मोकळी राहिली. दोन्ही एकत्र जमू शकतं.

सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये ठेवून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं खुली केली. चांगलंच झालं. पण ती खुली झाली सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांत. मिरजेतल्या कारखान्यात तंबोरा घडवणारा, शाळेत शिकवणारी माझ्यासारखी शिक्षिका, असे सगळे त्या दाराबाहेरच आहेत.

म्हणून संशोधन करणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. सही करण्याआधी फॉर्म पूर्ण वाचा. हक्क विकताय की वापरायला देताय, ते बघा. परीक्षकांच्या सूचनेप्रमाणे सुधारलेली, पण प्रकाशकाने अजून मांडणी न केलेली तुमची प्रत स्वतःच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवता येते का, हे विचारा. मोठमोठे प्रकाशकही अनेकदा त्याला हो म्हणतात, काही वेळा ठरावीक काळानंतर. ‘मराठी, उर्दू व इतर भारतीय भाषांतील भाषांतराचा आणि प्रबंधात व पुस्तकात वापरण्याचा हक्क लेखकाकडे राहील’, एवढं एक वाक्य सहीआधी घालायला सांगा. फार तर नाही म्हणतील. विचारल्याने निबंध परत येत नाही.

आपल्या मदरशांच्या परंपरेत उस्ताद शागिर्दाला ‘इजाजत’ देत. हा किताब तू माझ्याकडे वाचलास, आता पुढे शिकव. शागिर्दाला इजाजत मिळाली म्हणून उस्तादाकडचं काही कमी होत नसे. तो दुसऱ्याला देऊ शके, तिसऱ्याला देऊ शके, आणि प्रत्येक इजाजतीत मागच्या साऱ्यांची नावं चालत येत. ज्ञान असंच पुढे गेलं. खरेदीखतावर ते इतक्या लांब आलं नसतं.