'फायर' आणि कारणे शोधणारे प्रेक्षक

दीपा मेहता यांच्या 'फायर'विषयी बोलू लागले की चर्चा हटकून चित्रपटगृहांच्या फुटलेल्या काचांपाशी जाऊन थांबते. १९९६ साली पूर्ण झालेला हा चित्रपट नोव्हेंबर १९९८ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईतील आणि दिल्लीतील चित्रपटगृहांवर शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी हल्ले केले. चित्रपट पुन्हा परीक्षण मंडळाकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये एकही दृश्य न कापता परत आला. (हिंदी आवृत्तीत 'सीता'ची 'नीता' मात्र आधीच झाली होती. देहाला चालले ते नावाला चालले नाही!) हा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, किंबहुना पुष्कळांना एवढाच ठाऊक असतो. विरोधक आणि समर्थक अशी दोन टोके एकदा आखून घेतली की चित्रपट पाहिला नाही तरी चालते.

आम्हांस कुतूहल आहे ते दुसऱ्याच मतभेदाचे. ज्यांना हा चित्रपट आवडला, ज्यांनी त्याची बाजू घेतली, त्यांना त्यात नेमके काय दिसले?

कथा थोडक्यात अशी. दिल्लीतील एका मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबात थोरली सून राधा आणि नवी आलेली धाकटी सून सीता. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी या भूमिका केल्या आहेत. राधेला मूल होऊ शकत नाही. तिचा नवरा अशोक एका स्वामींच्या नादी लागून ब्रह्मचर्य पाळतो आहे, आणि आपला निग्रह पक्का झाला की नाही हे तपासण्यासाठी बायकोला शेजारी निजवतो आहे. धाकट्या जतीनचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध आहेत आणि ते लपवण्याची तसदीही तो फारशी घेत नाही. अशा घरात या दोघी एकमेकींच्या जवळ येतात.

'अशा घरात'! आम्हीही नकळत तेच लिहून गेलो, कारण चित्रपटाची रचनाच तशी आहे. एका नवऱ्याला वैराग्य, दुसऱ्याला प्रेयसी. एवढी चोख कारणे पुरवल्यावर सहानुभूतीने पाहणारा प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. बिचाऱ्या दुसरे काय करणार, असे तो म्हणतो. आमच्या परिचयातील बहुसंख्य सुजाण प्रेक्षकांचे मत या एका वाक्यात बसते. चित्रपट एकटेपणाविषयी आहे, दांभिकतेविषयी आहे, स्त्रियांना निवडीचा हक्क नसण्याविषयी आहे, हे सारे ते सांगतात. दोन स्त्रियांच्या प्रेमाविषयी आहे, एवढे सोडून. स्वतः दिग्दर्शिकेनेही त्या वादळात जवळपास अशीच भूमिका घेतली होती. दिल्लीत हल्ल्यानंतर मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांत काही स्त्रिया आपण भारतीयही आहोत आणि समलिंगीही आहोत असे सांगणारे फलक घेऊन आल्या, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी जमलेल्या काहींना तो शब्द तिथे नको होता.

याउलट विरोधकांचे म्हणणे पाहा. स्त्रियांना स्त्रियांपासूनच सुख मिळू लागले तर विवाहसंस्था कोसळेल, अशा आशयाची भीती तेव्हा जाहीरपणे व्यक्त झाली होती. दगडफेकीचे समर्थन आम्ही कोणत्याही परिस्थितीत करणार नाही. पण वाचन म्हणून पाहिले तर हे वाचन सहानुभूतीवाल्यांच्या वाचनापेक्षा संहितेच्या अधिक जवळ जाते. राधा आणि सीता यांना एकमेकींची ओढ आहे आणि ती ओढ नवऱ्यांच्या सुधारण्याने नाहीशी होणारी नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच ते घाबरले. ज्यांना ती केवळ उपाशीपोटीची तडजोड वाटली, त्यांना घाबरायचे काही कारणच नव्हते.

कारण देण्याची ही रीत 'फायर'पासून सुरू झालेली नाही. इस्मत चुगताई यांच्या १९४२ च्या 'लिहाफ' कथेतही बेगमजानचा नवाब तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. त्याचे लक्ष तरुण मुलांकडे. म्हणजे तिथेही आधी नवऱ्याची उपेक्षा, मग रजईखालची हालचाल. मराठीत तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये (१९८१, सुमित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी) नवराच नाही, त्यामुळे ती सोय नाही. सुमित्रा तशी आहे, बस्स. तेंडुलकरांचे धाडस इथे आहे आणि ते आजही कमी लेखू नये. पण तिची गोष्ट सांगतो बापू हा पुरुष, आणि तिचा शेवट आत्महत्येत होतो. कारण असेल तर अनुकंपा, नसेल तर मरण, अशी ही वाटणी आहे की काय, अशी शंका येते. त्या हिशेबात 'फायर'च्या दोघी शेवटी जिवंत राहतात, आगीतून आणि पावसातून निभावून एका दर्ग्यात भेटतात, ही लहान गोष्ट नव्हे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी पाच-सहा जणांनी हा चित्रपट पुन्हा पाहिला. त्यात ऐंशी ओलांडलेली आमची मावशी होती, महाविद्यालयातील दोन सहकारी होते आणि एक माजी विद्यार्थिनी होती. सहकाऱ्यांचे मत वर आलेच आहे. एकाने त्यात जागतिकीकरणाची भर घातली, ती इथे सोडून देऊ. मावशीला चित्रपट मुळीच धक्कादायक वाटला नाही, उलट उगाच ताणलेला वाटला. "आमच्या वाड्यात माडीवर दोघी राहायच्या. एक बालविधवा, एक टाकलेली. तीस वर्षं एका ताटात जेवल्या. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तुम्हांला सगळ्याची नावं लागतात."

मावशीने 'मानुषी' कधी वाचले नसावे, पण मधु किश्वर यांनी तेव्हा त्यात घेतलेला आक्षेप याच जातीचा होता: आपल्या घरांत स्त्रियांमध्ये जी मोकळी जवळीक असते, तिच्यावर या चित्रपटाने एक शिक्का मारला आणि ती संशयास्पद करून टाकली. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. चित्रपटातील सहलीचे दृश्य आठवावे. सगळ्या कुटुंबादेखत सीता राधेचे पाय चेपते आहे. त्या स्पर्शात काय चालले आहे ते प्रेक्षकाला कळते, आणि अशोक मात्र आपल्याला किती चांगले कुटुंब लाभले म्हणून कृतार्थ होतो. नाव नसण्याचा आडोसा कसा असतो ते यापेक्षा नेमके दाखवता येणार नाही. आपल्या भाषेत या दोघींच्या नात्याला एक शब्द आहेच: त्या जावा-जावा आहेत. आणि जावा-जावा म्हटले की आपल्याला पुढचा शब्द सुचतो तो भांडण. त्यांच्यात प्रेम असू शकते याची भाषेने तजवीजच केलेली नाही. म्हणून ते दिसत नाही, आणि न दिसल्यामुळे निभावते. आपल्यातल्या या भावनेसाठी आपल्या भाषेत शब्द नाही, असे सीताही म्हणते. इंग्रजीत बोलणाऱ्या चित्रपटात हे वाक्य यावे याला काही समीक्षक हसले होते. आम्हांस ते मराठीत अधिक खरे वाटते.

विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. ती आणि तिची मैत्रीण चार वर्षे एकत्र राहतात, हे आम्हांस ठाऊक होते, मावशीला नव्हते. शेवटी ती म्हणाली की हा चित्रपट ती आपल्या आईवडिलांना कधीही दाखवणार नाही. आम्ही का म्हणून विचारले. "ते माझं कारण शोधायला लागतील. आधीच शोधतायत. वसतिगृहात ठेवलं म्हणून, बाबा दौऱ्यावर असायचे म्हणून. ताईनं संसार थाटला तेव्हा का नाही कुणी विचारलं, की हिला पुरुषच का आवडला?"

एका सहकाऱ्याने कायद्याचा दाखला दिला: कलम ३७७ चा तो भाग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला, आता काळ बदलला. ती म्हणाली, २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने लग्नाला मान्यता दिली नाही, तेही सांगा. आणि घरच्यांच्या जेवणाच्या टेबलावर कलमे चालत नाहीत.

आमच्या मते तिचा आक्षेप चित्रपटाच्या आराखड्याला लागू पडतो, त्यातील सर्व दृश्यांना नाही. सीता सासरी पाऊल ठेवते तेव्हाच नवऱ्याची विजार चढवून आरशासमोर नाचते. नवरा वाईट आहे हे पुरते कळण्याआधीच तिच्यात काहीतरी चळवळ करते आहे. या दृश्याला पटकथेने कारण दिलेले नाही. आणि शेवटी अशोक जाब विचारतो तेव्हा राधा त्याच्या ब्रह्मचर्याचा पाढा वाचत नाही. ती क्षमाही मागत नाही. आपल्याला इच्छा आहे, इच्छेवाचून आपण मेलेलो होतो आणि ती इच्छा सीतेची आहे, असे ती सांगते. 'तू असा वागलास म्हणून' हे शब्द तिच्या तोंडी सहज आले असते. पण येत नाहीत. पटकथेने दीड तास जमवलेली कारणे नायिका अशी एका उत्तरात बाजूला ठेवते. वर्गात 'फायर' शिकवताना आम्ही हल्ली इथूनच आरंभ करतो आणि मागे जातो. हल्ल्यांचा विषय दुसऱ्या तासाला येतो.

विद्यार्थिनीला हे म्हणणे पूर्णपणे पटले नाही. एका उत्तरासाठी दोन तास दोन वाईट नवरे का पाहायचे, असे तिचे म्हणणे.

मावशीचे लक्ष या वादात नव्हते. तिला दर्ग्याचे दृश्य खटकले होते. "भेटल्या ते ठीक. अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्यात. आता राहणार कुठे? घर कोण देणार दोघींना?"

"मिळतं आजी," विद्यार्थिनी म्हणाली. "आम्ही मावसबहिणी आहोत म्हणून सांगतो. ह्यांना तर खोटंही बोलावं लागणार नाही. जावा आहोत म्हणायचं."

मावशीने तिच्याकडे जरा निरखून पाहिले आणि चहा टाकायला आत गेली.