पांढरी पाचच्या किंचित वर

लाईट गेली की घरातला एक सूरही जातो, पण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आणि स्पीकरमधून पुष्कळदा जी गुणगुण ऐकू येते ती तिचीच. पेटीवर शोधली तर पांढरी पाचच्या किंचित वर सापडते. मॉड्युलर सिंथेसायझर भिंतीतल्या प्लगवर लावला की हा न मागितलेला तंबोरा मागे लागतो. बॅटरीवर लावला की सुटतो.

या वाद्यात तयार असं काही नसतं. एक खण, म्हणजे ऑसिलेटर, कंप निर्माण करतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. मधल्या वायरी आपण जोडायच्या. सूरसुद्धा वायरीतूनच येतो. व्होल्ट एकाने वाढला की सप्तक चढतं. म्हणजे कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्यात अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्टचं! रियाजाची पार अब्रूच काढणारा आकडा.

माझ्या वाद्याला +१२ आणि −१२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. मी यूपीएसमधल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतो आणि मधला सांधा शून्य धरतो. दोन्हीकडे फ्यूज हवाच. अशा बॅटरीचा शॉर्ट म्हणजे थट्टा नव्हे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ दाखवते, मग हळूहळू उतरते. चांगल्या ऑसिलेटरला त्याचं काही वाटत नाही, स्वस्तातला मात्र तिच्यासोबत बेसूर होत जातो. व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर मिळतो, पण हलका घेतला तर तो स्वतःच शीळ घालतो. भिंतीतलं भूत गेलं आणि डबीतलं आलं.

नंदुरबारहून सुरतमार्गे अहमदाबादला गेलं की या वाद्याचं आपल्याकडचं जुनं घर लागतं. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी त्या स्टुडिओत टेपा केल्या. पुढे त्या कपाटात राहिल्या. पॉल पर्गस या कलाकाराने शोधून काढल्यावर २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक लोकांपुढे आल्या. तो मूग मात्र खोलीतला, भिंतीच्या विजेवरचा.

इकडे नंदुरबारकडे संगीत खोलीत बसतच नाही. आठवडी बाजारात भोंगा बांधून फिरणाऱ्या रिक्षातला अँप्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. लग्नात बँडची गाडी येते ती कीबोर्ड, ऑक्टापॅड, स्पीकर आणि जनरेटर सगळं अंगावर घेऊन; वाजणारे आणि नाचणारे, सगळेच पुढे सरकत असतात. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या होळीला मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरं रात्रभर नाचतात ढोलावर. ढोलाला वायर नाही. कातडं सैल पडलं की आगीपाशी धरायचं, चढतं. माझ्या कन्व्हर्टरपेक्षा हा उपाय मला जास्त पटतो.

बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा एकदा माझा सिंथेसायझर बघायला आला. नॉब त्याने पाहिलेच नाहीत, आधी बॅटऱ्यांना हात लावला.

"काका, प्लसकडे लोड जास्त आहे ना? मग दोघींची अदलाबदल करत जा. नाहीतर ही आधी बसेल."

खरं होतं. बहुतेक खण +१२ मधूनच जास्त करंट ओढतात. मग त्याने वायरींच्या गुंत्याकडे बघून विचारलं, "यावर लग्नातली टिमली वाजते?"

"वाजेल. ताल आधी जोडावा लागेल, ठोक्याचा आवाजही घडवावा लागेल. अर्धा तास धर."

"अर्ध्या तासात वरात मांडवात पोचते, काका."