मुंबईतल्या गावात अकरा महिने

गोरेगाव पूर्वेला हायवे ओलांडून रिक्षा आरे कॉलनीत वळली की दोन-तीन मिनिटांत हवा बदलते. मुंबईकराला आरे माहीत असते ती 'छोटा काश्मीर'च्या बागेसाठी, रविवारच्या फेरफटक्यासाठी किंवा पवईला जायचा जवळचा रस्ता म्हणून. आत माणसे राहतात, भात लावतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

२०१९ च्या जानेवारीत आमची जोगेश्वरीची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर देत होता त्या भाड्यात आसपास जागा मिळेना. आमच्या दूधवाल्याने आरेतल्या एका पाड्याच्या कडेला दोन खोल्या दाखवल्या. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही दोघे आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघे टेम्पोत सामान घालून तिथे गेलो. छप्पर पत्र्याचे, पण अंगण एवढे की आमचे जुने घर त्यात दोनदा मावले असते.

आरेची दूध वसाहत १९४९ ची. तेव्हा मुंबईत गल्लीगल्लीत गोठे होते. ते शहराबाहेर हलवावेत आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावे म्हणून दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी हा प्रकल्प उभा केला. पुढे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांनाही मिळाला. तीन हजार एकरांहून जास्त जमिनीवर म्हशींची 'युनिटे' वसली. तिथला पत्ताही युनिटच्या नंबरावरूनच सांगतात. पण वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे त्याच्याही आधीपासून इथे होते. असे सत्तावीस पाडे मोजतात. शहर त्यांच्या दारात आले, ते शहरात आले नाहीत. तरी 'तुमचा पुरावा काय' हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो, याचे मला आजही नवल वाटते.

पहिला महिना जड गेला. पाणी ठरावीक वेळेला, तेही दूरच्या नळावर. स्वच्छतागृह घरापासून लांब, आणि अंधार पडल्यावर तिकडे एकटीने जायचे नाही, हा तिथला पहिला नियम. बिबट्याची वस्ती अगदी लगत. शेजारची वारली मावशी भीती घालत नसे, रीत सांगे. संध्याकाळनंतर बाहेर उकिडवे बसायचे नाही, कारण वाकलेले माणूस त्याला लहान जनावर वाटते. चालताना मोठ्याने बोलायचे. पोरांना मध्ये ठेवायचे. उष्टे-खरकटे अंगणात टाकायचे नाही, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. वारली लोक वाघोबाला देव मानतात. आमची श्रद्धा वेगळी, पण जंगलाच्या धन्याशी अदबीने वागावे हे अम्मींना लगेच पटले. त्या खेड तालुक्यातल्या. लग्न होऊन मुंबईत आल्या आणि चाळीस वर्षे तिसऱ्या मजल्यावर राहिल्या.

खरे तर त्या अंगणात मला माझ्या सासूबाई नव्याने भेटल्या. जोगेश्वरीत दिवसभर टीव्हीसमोर बसणारी बाई इथे पहाटे उठून अंगण झाडू लागली. मावशीशी त्यांची गट्टी जमली ती भाजीवरून. पहिला पाऊस पडला आणि मावशी शेवळे घेऊन आली. मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. अम्मी मात्र एकदम म्हणाल्या, "काकडं आणलीस ना गं? नाहीतर घसा खाजंल!" काकडाची आंबट फळे घातल्याशिवाय शेवळे खाता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. खिम्यात घालून केली, तर मुलाने भाकरीशी ताट पुसून खाल्ले. मग टाकळा, कुर्डू, कंटोळी असा पावसाळाभर क्रम चालला. पाड्यातल्या बायका हीच भाजी पहाटे डोक्यावर घेऊन स्टेशनबाहेर विकायला जातात. दोन रुपयांसाठी तिथे घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांत मीही असे. जंगलात वाकून वाकून ती कशी वेचतात हे पाहिल्यावर ते सुटले.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला. सहरीला उठावे तर तबेल्यात आधीच दिवे लागलेले, धारा निघत असलेल्या, कॅन सायकलींवर चढत असलेले. अजान आमच्यापर्यंत ऐकू येत नसे, वेळ मोबाइलवर बघायची. इफ्तारला मावशीची नातवंडे हक्काने येऊन बसत, कारण आमच्याकडची भजी. शहर झोपलेले असताना त्याचा चहा इथे तयार होत असतो.

पण सगळेच गोड नव्हते. ऑगस्टमधल्या एका रात्री अम्मींना दम लागला. धो धो पाऊस, रिक्षावाला आत यायला तयार नाही. पाड्यातल्या चार पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून चिखलातून मोठ्या रस्त्यापर्यंत नेले. मुंबईच्या पोटात राहून रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही, हे पाड्यातल्या माणसांचे रोजचे जगणे आहे. जंगल हवे असणाऱ्यांनी आणि इमारती हव्या असणाऱ्यांनीही त्यांना हे आधी विचारावे.

शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे कापायला सुरुवात झाली. यंत्रांचा आवाज रात्रभर येत होता. दुसऱ्या दिवशी जमावबंदी, रस्त्यावर पोलीस. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडे गेली होती. प्रजापूरपाड्यातली कुटुंबे तर मेट्रोसाठी आधीच इमारतीत गेली होती. मावशीचे नातलग त्यांत होते. "घर पक्कं आहे, पण कोंबडी कुठं ठेवायची?" एवढेच ती म्हणाली. पुढे आठशे एकर राखीव वन जाहीर झाले, कारशेडची जागा कांजूरमार्गला गेली आणि परत आरेत आली. २०२४ पासून तिथून मेट्रो धावते. मीही तिने जाते, वांद्र्याला लवकर पोचते.

नोव्हेंबरअखेर आम्ही निघालो, अम्मींच्या दम्यामुळे. त्यांना यायचे नव्हते. आता नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो. पावसाचे पहिले दोन दिवस गेले की अम्मी मला गोरेगाव स्टेशनला पिटाळतात. मावशी पुलाखाली तिच्या नेहमीच्या जागी असते. शेवळांचे पैसे ती घेते, काकडांचे घेत नाही.